रथ कोण हाकणार?

दिवाळी अंकासाठी मजकूर मागवताना संपादकमहाशय दरवर्षी एक वाक्य न चुकता लिहितात: "यंदा जरा ऐसपैस लिहा." एरवी आठवड्याच्या अंकात मला दीड रकान्याच्या खोलीत संसार मांडावा लागतो; दिवाळीला मात्र ओसरी-अंगणासह अख्खा वाडा मिळतो. तेव्हा वाचकहो, आकाशकंदील वर चढला असेल आणि फराळाची बशी हाताशी असेल, तर जरा सरकून बसा. आज एका प्रवासाची हकीकत सांगायची आहे. हा प्रवास अजून व्हायचा आहे. जे काही घडले ते आमच्या जेवणाच्या टेबलावर, एका नकाशापुढे घडले.

सुरुवात झाली ती महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात. आमचे अर्थशास्त्राचे एक सहकारी उन्हाळ्याच्या सुटीत एका सहल कंपनीबरोबर थायलंडला जाऊन आले. पाच रात्री, सहा दिवस. बँकॉक, पट्टाया आणि परत. फोटो दाखवून झाल्यावर मी सहज विचारले, "आणि तिकडची खेडी कशी आहेत हो?" ते म्हणाले, "खेडी? ती बसमधून गेली. तेव्हा आम्ही झोपलो होतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. एवढा समुद्र ओलांडून जायचे आणि देश झोपेत घालवायचा, हे काही मनाला पटेना. मी थायलंडच्या रस्त्यांचा एक नकाशा पैदा केला, आणि मराठीच्या मास्तराला जो रोग होऊ नये तोच मला झाला. मी गावांची नावे वाचू लागलो. सुखोथाय म्हणजे आपला सुखोदय. फित्सनुलोक म्हणजे विष्णुलोक. कांचनाबुरी ही कांचनपुरी, सुफानबुरी ही सुवर्णपुरी, सिंगबुरी ही सिंहपुरी. नाखोन म्हणजे नगर आणि रात्चसीमा म्हणजे राजसीमा. अयुथ्याबद्दल तर सांगायलाच नको. अयोध्येचा मान राखून सयामच्या राजांनी राजधानीला ते नाव दिले. भूगोलाचा नकाशा उघडावा आणि आत आजीची पोथी निघावी, असे वाटले.

पुढे कळले की तिकडे मोटारीला 'रोत' म्हणतात. हा आपला रथच. आगगाडी म्हणजे 'रोत फाय', अर्थात अग्निरथ. आपल्या लोकांनी आणि थाई लोकांनी एकमेकांना न विचारता त्या धुरकट यंत्राचे बारसे एकाच विचाराने केले, याचा मला फार आनंद झाला. महाविद्यालयात शिकवणाऱ्याला तिथे 'आचान' म्हणतात, म्हणजे आचार्य. हे मी घरात जाहीर केले. "मग आचार्य, भाजी निवडून ठेवा," एवढेच उत्तर आले.

तर ठरले. बँकॉकला उतरायचे, मोटार भाड्याने घ्यायची आणि खेड्यापाड्यांतून हिंडायचे. तिथेही आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे मोठी अडचण नव्हती. नकाशाही शहाण्या माणसांनी केलेला. एका आकड्याचे चारच महामार्ग: एक उत्तरेला, दोन ईशान्येला, तीन पूर्वेच्या किनाऱ्याने, चार दक्षिणेला. बाकीच्या रस्त्यांचा पहिला आकडा हा त्या त्या विभागाचा, आणि आकडा जितका लांब तितका रस्ता लहान. चार आकडी रस्ता दिसला की समजावे, आता खेडे आले. मी नकाशावर नुसते चार आकडी रस्ते शोधत सुटलो.

घरच्यांच्या फर्माइशी येऊ लागल्या. कन्या महाविद्यालयात इतिहास शिकते. तिला कांचनाबुरीचा क्वाय नदीवरचा पूल पाहायचा होता. १९४२-४३ साली जपान्यांनी ब्रह्मदेशापर्यंत चारशे पंधरा किलोमीटरचा लोहमार्ग घातला. त्या कामावर बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले आणि आशियाई मजूर त्याच्या कितीतरी पटींनी. त्या मजुरांत मलायातून नेलेले तमीळ लोक पुष्कळ होते. कैद्यांच्या थडग्यांवर नावे आहेत. मजुरांपैकी बहुतेकांना थडगेही नाही. "आपली माणसं होती बाबा, कुणीतरी जायला नको का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कांचनाबुरी यादीत गेली.

चिरंजीव नववीत आहेत. त्यांनी कुठूनसे शोधून काढले की उत्तरेच्या डोंगरात चियांग मायहून माए होंग सोनला जाऊन परत येणारा सहाशे किलोमीटरचा एक फेरा आहे आणि त्यात १,८६४ वळणे आहेत. तीही यादीत गेली. आईने आवाज न करता एक वाक्य टाकले, "एखादं देऊळ असलं तर बघ बाबा." मी तिच्यासाठी फनोम रुंग काढले: ईशान्येला, विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर ख्मेर राजवटीत बांधलेले शंकराचे देऊळ. वर्षातून काही ठराविक दिवशी उगवता सूर्य त्याच्या पंधरा दारांतून आरपार दिसतो. तिथे एका दारावर शेषशायी विष्णूची कोरीव शिळा आहे. ती १९६०च्या दशकात चोरीला गेली, पुढे शिकागोच्या संग्रहालयात सापडली, थाई लोकांनी ओरडा करून १९८८ साली परत आणली आणि पुन्हा जागेवर बसवली. ही गोष्ट ऐकल्यावर आईने हात जोडले. माझ्यासाठी सुखोदय आणि विष्णुलोक होतेच.

पंधरा दिवस खपून मी आराखडा सिद्ध केला. दिवस नऊ, मुक्काम आठ, अंतर अडीच हजार किलोमीटरांच्या वर. पट्टीने रेघा मारल्या, निळ्या शाईने गावे, हिरव्या शाईने देवळे. एम. ए.चा प्रबंधसुद्धा मी इतका नेटका लिहिला नव्हता. रात्री जेवणे झाल्यावर तो कागद मी मोठ्या थाटात सौ.पुढे ठेवला.

इथे एक कबुली देणे भाग आहे. मला मोटार चालवता येत नाही. तिशीत एकदा शिकायला गेलो होतो. चौथ्या दिवशी शिकवणारा म्हणाला, "सर, तुमचं लक्ष पाट्या वाचण्यात जातं." दुकानाच्या एका पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती, ती वाचता वाचता मी दुकानातच शिरणार होतो. त्या दिवसापासून आमच्या घरची गाडी सौ.च चालवते. ती बँकेत अधिकारी आहे, तिचा हात स्थिर आहे आणि तिला गाडी चालवणे मनापासून आवडते. परदेशात चालवण्याचा परवानासुद्धा तिने केव्हाच काढून आणला होता. परिवहन कार्यालयात हजार रुपये भरले की तो वर्षभरासाठी मिळतो. त्यावर फोटो तिचा आणि नाव तिचे. ही गोष्ट आराखडा करताना माझ्या ध्यानात यायला हवी होती.

तिने कागद शांतपणे वाचला. मग माझ्या टेबलावरचे, पेपर तपासण्याचे लाल पेन घेतले आणि प्रत्येक दिवसापुढे समासात एकेक आकडा लिहीत गेली. पाच. साडेचार. सात. सहा. एके ठिकाणी अकरा. खाली बेरीज केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"हे काय? मार्क?"

"तास. पंचेचाळीस. मी चाकावर बसायचे."

मी म्हणालो, "अगं, पण रस्ते उत्तम आहेत म्हणतात."

"असतील. एक विचारू? या प्रवासात तुम्ही काय काय बघणार?"

मी उत्साहाने सांगू लागलो. भाताची शेते, कालवे, देवळे, डोंगर. नोव्हेंबरात पाऊस सरलेला असतो, भात पिवळे झालेले असते. प्रत्येक घरापुढे खांबावर भूमिदेवतेचे चिमुकले देऊळ असते. आपल्या तुळशीवृंदावनाची आठवण यावी.

"आणि मी काय बघणार?" ती म्हणाली. "पुढच्या ट्रकची मागची बाजू."

मी हसलो. ती हसली नाही. "गेल्या वर्षी आपण गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला आरे-वारेच्या रस्त्याने गेलो. परत आल्यावर तुम्ही या सदरात लिहिलंत, वळणावर एकाएकी खाली समुद्र उलगडतो, काय काय ते. छान लिहिलं होतंत. बँकेत दोघीतिघींनी वाचून दाखवलं. मी तुम्हांला बोलले नाही, पण मला तो समुद्र आठवेना. मला आठवत होती समोरून येणारी एक लाल एसटी."

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी तो लेख वाचून पत्रे पाठवली, त्यांची मी क्षमा मागतो. त्या समुद्राचे वर्णन खरे होते. मात्र ज्या माणसाने मला तिथवर नेले त्याला तो दिसला नव्हता, ही गोष्ट लेखात नव्हती. कारण ती मलाच ठाऊक नव्हती. दीड तास मी तिच्या शेजारी बसलो होतो. "तो बघ, तो बघ," असे चारपाच वेळा म्हणालोही होतो. ती "हो" म्हणाली होती. वळणावर चालवणारे माणूस दुसरे काय म्हणणार?

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. आपल्या घरांत बेत आखणारा एक आणि राबणारा दुसरा, ही व्यवस्था फार जुनी आहे. पाहुण्यांना जेवायला बोलावणारा एक असतो, पोळ्या लाटणारी दुसरी. "चार माणसं जास्त झाली म्हणून काय झालं?" हे वाक्य नेहमी जो लाटत नाही तोच म्हणतो. मीही नकाशावर तेच केले होते. रेघ मारायला मला दोन सेकंद लागली होती. ती रेघ ओढत नेणाऱ्याला सात तास लागणार होते.

सकाळी उठून मी नवा कागद घेतला. या वेळी गावे नंतर लिहिली. आधी नियम लिहिले आणि ते तिला विचारून लिहिले. गाडी दिवसाला तीन तासांवर चालवायची नाही. शक्यतो एक दिवसाआड तिला सुटी. नोव्हेंबरात तिकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चारच्या आत मुक्कामावर. कारण खेड्यातल्या रस्त्यावर अंधारात कुत्रे असते, दिवा नसलेली दुचाकी असते, कडेने उलट्या दिशेने येणारा मोपेडवाला असतो. अपघातांच्या बाबतीत त्या देशाचा लौकिक चांगला नाही आणि आपलाही नाही, तेव्हा फुशारकी नको. रात्रीच्या विमानाने उतरल्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. बँकॉक शहरात तर नाहीच. तिथे नावा आहेत, वर धावणारी रेल्वे आहे.

मग मार्ग आपोआप आखडत आला, आणि अग्निरथ मदतीला धावला. बँकॉकहून उत्तरेकडे जाणारी रेल्वे अयुथ्यावरून थेट फित्सनुलोकला जाते. म्हणजे सपाट मुलखातले लांबलचक अंतर आगगाडीनेच जाईल, आणि खिडकीची जागा सौ.ची. तेवढे एक ध्यानात ठेवायचे: जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जुन्या हुआ लम्फोंग स्थानकाऐवजी क्रुंग थेप अफिवत या नव्या स्थानकातून सुटतात. जुन्या पुस्तकावर विसंबलो असतो तर भलत्याच फलाटावर सहकुटुंब उभे राहिलो असतो.

आता बेत असा आहे. दोन दिवस बँकॉक. तिसऱ्या दिवशी अयुथ्या, मुक्काम. १३५० साली वसलेली ही राजधानी १७६७ साली ब्रह्मी फौजेने जाळली. आपल्या पानिपतानंतर अवघ्या सहा वर्षांनी. तिथल्या महाधातू मंदिरात झाडाच्या मुळांनी कवटाळलेले बुद्धाचे मस्तक आहे. चौथ्या दिवशी तीनशेवर किलोमीटर आगगाडीने, दोन्ही बाजूंना भातखाचरे. पाचव्या दिवशी सकाळी विष्णुलोकात बुद्ध जिनराजाची सोन्याने झळाळणारी मूर्ती पाहायची, मग मोटार ताब्यात घ्यायची आणि सत्तरएक किलोमीटरांवर सुखोदय. सहाव्या दिवशी गाडी बंद. तिथल्या जुन्या नगरीत भाड्याच्या सायकली मिळतात. सायकल मलाही येते. सातव्या दिवशी नदीकाठच्या सी सत्चनालयच्या अवशेषांकडे तासाभराचा रस्ता, आणि परत. आठव्या दिवशी कांफेंग फेतवरून वळसा घालून फित्सनुलोक, तिथे मोटार परत. सुखोदय, सी सत्चनालय आणि कांफेंग फेत या तिन्ही जुन्या नगरांना मिळून १९९१ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. मोटारीचे अंतर सारे मिळून चारशेच्या आसपास. लाल पेनाने बेरीज केली: आठ तास.

सहावा दिवस मुद्दाम निवडला आहे. थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला 'लोय क्राथोंग' असते. बहुतेक वर्षी ती आपली त्रिपुरी पौर्णिमाच असते. केळीच्या खोडाची चकती, तिला केळीच्या पानांची नक्षी, वर फुले, उदबत्ती आणि दिवा, असे द्रोण पाण्यात सोडतात. सुखोदयात तो उत्सव फार मोठा होतो, म्हणून खोल्या श्रावणातच राखून ठेवल्या. आई म्हणाली, "मी लहानपणी कृष्णेत दिवे सोडले. आता नदी कुठली का असेना."

तिच्या जेवणाची काळजीही मिटली. तिकडे मत्स्यरस जवळपास सगळ्यात पडतो, हे ऐकून ती धास्तावली होती. पण पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेले दुकान दिसले की आत निर्धास्त शिरावे. तिथे मांस-मासे नाहीत, इतकेच काय, कांदा-लसूणही नाही. शाकाहाराला त्यांचा आणखी एक शब्द आहे, 'मांग्सविरात'. म्हणजे आपली मांसविरती. आमचा दुसरा दिवस कार्तिकी एकादशीचा आहे. तिचा चातुर्मास शहाळी आणि फळे यांवर सुटेल. शिवाय फराळाचा एक डबा आहेच.

कागदाच्या शेवटी मी तीन आकडे मोठे करून लिहिले आहेत: पर्यटक पोलीस ११५५, महामार्ग पोलीस ११९३, रुग्णवाहिका १६६९. त्यांची गरज पडू नये, पण ते पाठ असावेत.

जे गाळले त्याचे वाईट वाटलेच. चिरंजीवांची १,८६४ वळणे गेली. तो दोन दिवस घुम्यासारखा वावरला. सौ.ने त्याला सांगितले, "वळणं मोजायची तू आणि घ्यायची मी, असं नको. तू मोठा हो, परवाना काढ, मला मागे बसव." कांचनाबुरीसाठी कन्येने अजून मला माफ केलेले नाही. तिने परतीच्या विमानाआधी बँकॉकहून एक दिवस काढता येतो का ते पाहिले, नाही निघत. "पुढच्या खेपेला आधी तिथे," असे तिने माझ्याकडून लिहून घेतले आहे, तारखेसह.

बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात मला रामखम्हेंग राजाचा १२९२ सालचा शिलालेख पाहायचा आहे. त्यात एक गोष्ट कोरलेली आहे. राजाने नगराच्या दारात घंटा टांगली होती. ज्याला काही गाऱ्हाणे असेल त्याने यावे, घंटा वाजवावी, राजा स्वतः येऊन ऐकेल. मी हे घरात वाचून दाखवले. सौ. म्हणाली, "बरा होता राजा. आपल्याकडे लाल पेन शोधावं लागलं."

राहिले फनोम रुंग. आईला मी भीतभीतच सांगितले की देऊळ फार लांब आहे, या खेपेला जमणार नाही. ती म्हणाली, "अरे, जो नारायण अमेरिकेला जाऊन परत आला, तो कुठे पळतोय? तुझ्या बायकोला दमवून मला दर्शन नको."

त्या वाक्याने माझी रवानगी थेट मोटार शिकवणाऱ्या शाळेत केली. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा नाव घातले आहे. शिकवणारा तरुण माझा माजी विद्यार्थी निघाला. बारावीला मराठीत मी त्याला पस्तीस गुण दिले होते. त्याने पहिल्याच दिवशी नमस्कार करून सांगितले, "सर, पाट्या वाचायच्या नाहीत." या खेपेला माझा उपयोग नाही. मी शेजारी बसून नकाशा वाचणार, डावे-उजवे वेळेवर सांगणार. आणि काही पाहण्यासारखे दिसले तर "तो बघ" म्हणायचे नाही, "थांबव" म्हणायचे, असे ठरले आहे. पण पुढे कधीतरी फनोम रुंगला जाऊ, तेव्हा निम्मा रस्ता माझा. सौ.ने हे ऐकले आणि नव्या आराखड्याच्या तळाशी लाल पेनाने लिहिले: "सपाटीवरचा निम्मा. डोंगर आला की मला उठवा."